वाघीण आणि तीन घमेली

लातूरच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, एक वॉशिंग सेंटर होतं. एक रॅम्प, एक प्रेशर पंप, सातशे फुटांचा बोअर आणि खुर्चीत मालक. हाताखाली एक पोऱ्या.

दिवसाला वीस ट्रक यायचे. एका ट्रकला पाचशे लिटर पाणी लागायचं. पाणी रॅम्पवरून चारीत, चारीतून ओढ्यात जायचं. जाताना चिखल, ग्रीस आणि डिझेल घेऊन जायचं.

ओढ्याला लागून एका शेतकऱ्याचं रान होतं. तो एकदा येऊन म्हणाला, "मालक, बांधावरचं गवत जळालं."

मालक म्हणाला, "पाणी माझ्या बोअरचं हाय."

शेतकरी गेला. गवत कुणाचं, हे काही त्यानं विचारलं नाही. गरीब माणूस असं विचारत नाही.

मग २०१६चा उन्हाळा आला. गावोगावच्या विहिरी आधीच कोरड्या पडल्या होत्या. पोऱ्या पहाटे उठून घागर घेऊन रांगेत उभा राहायचा आणि रांग संपली की कामावर जायचा. सकाळी एका घागरीसाठी दोन तास उभं राहायचं आणि दुपारी पाइप धरून ओढ्यात धार सोडायची, असं त्याचं चाललं होतं. त्याबद्दल तो कुणाशी बोलला नाही.

एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. पोऱ्याची आजी म्हणाली, "माणसं खाणारी वाघीण ऐकली होती. पाणी पाजणारी आजच ऐकली."

त्या दिवशी पोऱ्या कामावर गेला आणि मालकापुढं उभा राहिला.

"मालक, एका वाघिणीत पन्नास हजार लिटर पाणी असतंय."

"मग?"

"आपण दिवसाला दहा हजार लिटर सोडतो. म्हणजे पाच दिवसाला एक वाघीण वड्यात."

मालक म्हणाला, "तू गाड्या धुवायला आलास का हिशेब करायला?"

पोऱ्यानं पाइप उचलला.

आठ दिवसांनी बोअर हवा ओकायला लागला. आधी फुरफुर, मग नुसती घरघर. मालकानं मोटर चालूबंद करून पाहिली. शेवटी टँकर मागवला. दहा हजार लिटरचा टँकर एका दिवसात संपला. दुसऱ्या दिवशी दुसरा. आठवडाभरात मालकाच्या ध्यानात आलं, की आपण आता टँकरवाल्यासाठी गाड्या धुतोय.

तिकडं पोऱ्याच्या घरी आजी भांडी घासत होती. तिच्यापुढं तीन घमेली. राखेनं घासलेलं भांडं ती पहिल्या घमेल्यात बुचकळायची, मग दुसऱ्यात, शेवटी तिसऱ्यात. पहिल्यातलं पाणी फारच गढूळ झालं की ते लिंबाच्या झाडाला. मग दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात. नवं पाणी फक्त तिसऱ्यात पडायचं, तेही तांब्याभर. पोऱ्यानं हे रोज पाहिलं होतं. त्या रात्री तो ते बघत बसला.

सकाळी त्यानं सेंटरच्या मागं पडलेली तीन पिंपं रॅम्पच्या कडेला आणली. चारीचं पाणी पहिल्या पिंपात घेतलं. चिखल खाली बसला, तेल वर तरंगलं. मधलं पाणी त्यानं नळीनं दुसऱ्या पिंपात ओढलं. तिथं उरलंसुरलं तेल वर आलं. तेही ठेवून मधलंच पाणी तिसऱ्यात घेतलं. तिसऱ्याच्या बुडाला भोकं पाडून त्यात खडी, वाळू आणि कोळसा भरला होता. खाली बादली.

मालक म्हणाला, "काय करायलास रे?"

"उष्टं पाणी गाळायलोय."

"उष्ट्या पाण्यानं गाडी धुणार व्हय?"

"चाकं आणि चेसिस धुतो. चाकाला काय सोवळं असतंय?"

मालकाला हसू आलं. पैसे वाचतील हेही सुचलं. त्यानं गवंडी बोलावला आणि पिंपांच्या जागी सिमेंटचे तीन हौद बांधून घेतले. दोन हौदांमधला पाइप वाकवून पाण्याखाली बुडवला, म्हणजे वरचं तेल पलीकडं जाणार नाही. तेल काढून वेगळ्या पिंपात साठवायचं आणि जळकं ऑइल नेणाऱ्याला द्यायचं, असं ठरलं. साबण मारायचा, चिखल उडवायचा, तो गाळलेल्या पाण्यानं. शेवटचा हात तेवढा टँकरच्या पाण्याचा, ट्रकमागं शंभर लिटर.

एक टँकर पाच दिवस पुरला.

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण मालक हिशेबी होता आणि हिशेबी माणसाला थांबायचं कुठं, ते कळत नाही. तो म्हणाला, "चारशे लिटर फिरतंय, तर वरचे शंभर तरी कशाला?" त्यानं शेवटचं नवं पाणी बंद केलं. तूट पडेल तेवढं कसंबसं भरायचं. गाळ काढायला मजूर लागतो म्हणून गाळही काढेना.

तेच तेच पाणी फिरत राहिलं. उन्हानं पाणी उडून जायचं, क्षार मागं राहायचे. साबण साठत गेला. आठवड्याभरात हौदाला वास सुटला. पंपाच्या तोंडात रेती अडकली आणि धार वाकडी पडायला लागली. एक ड्रायव्हर धुतलेला ट्रक उन्हात लावून चहा प्यायला गेला. परत आला तर पुढची काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. त्यानं बोट फिरवून मालकाच्या नाकापुढं धरलं.

"गाडी धुतली का चुना लावला?"

तो गेला, आणि त्याच्या मागचे दोन ट्रक न थांबताच गेले.

मालक पोऱ्यावर ओरडला, "तुझ्या पाण्यानं माझा धंदा बुडवला!"

पोऱ्या म्हणाला, "मालक, आजीनं तिसऱ्या घमेल्यात नवं पाणी घालायचं सोडलं, तर घरात सगळे राख खातील."

मालक बराच वेळ हौदाच्या काठावर बसून राहिला. मग त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पहिल्या हौदात उतरला. पोऱ्या वरून घमेली ओढत राहिला. दुपारपर्यंत गाळ निघाला. वाळू बदलली. पंपाचं तोंड साफ झालं. शेवटचा शंभर लिटरचा हात पुन्हा सुरू झाला, आणि गाळ काढायला आठवड्याचा एक वार ठरला.

त्या वर्षी पुढं पाऊस चांगला झाला. मांजरा नदी वाहू लागली. बोअरलाही पाणी आलं. ओढ्याकाठच्या बांधावर गवत उगवलं. शेतकरी एकदा येऊन चहा पिऊन गेला. गवताचं तो काही बोलला नाही, मालकही नाही.

गाळ काढायच्या दिवशी तोच ड्रायव्हर ट्रक घेऊन आला. मालक हौदात कमरेइतका उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, आता बोअरला पाणी हाय की. मग ही उठाठेव कशाला?"

मालकानं हाताचा चिखल झटकला.

"गाडी धुतली म्हणून पाणी संपत नसतंय. आपण सोडून देतो म्हणून संपतंय."

ड्रायव्हरचा किन्नर काठावर वाकून आत बघत होता. पोऱ्यानं त्याच्या हातात एक घमेलं दिलं.

"बघतोस काय? उतर. तुझ्याच गाडीचा चिखल हाय."