निष्काम कुणी असावं?

मालाडच्या मार्वे रस्त्यावर आयएनएस हमला आहे. नौदलाचे लॉजिस्टिक्स अधिकारी इथे घडतात. 1992च्या सुमारास नौदलाने ज्या मोजक्या शाखा स्त्रियांना खुल्या केल्या, त्यांत ही एक. त्या पहिल्या तुकड्यांतल्या बायका आता पन्नाशीपुढे गेल्या. मॅमोग्राफी, हाडांची घनता, थायरॉइड हे शब्द घरात रोजचे होण्याचं वय.

त्यांची नोकरी शॉर्ट सर्व्हिसची, फार तर 14 वर्षांची. पेन्शनला 20 लागतात. माजी सैनिकांसाठी 2003मध्ये आलेली ईसीएचएस ही आरोग्य योजना पेन्शनशी जोडलेली, म्हणून या बाहेरच राहिल्या होत्या. शॉर्ट सर्व्हिसचे पुरुषही बाहेर होते, पण बायकांना बहुतेक शाखांत दुसरी वाटच नव्हती. नौदलातल्या स्त्रियांचा कायम कमिशनचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो मार्च 2020मध्ये.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: सैनिकाने फळाची आशा धरू नये. गीतेचा आधार घेतला की वाद मिटतो, असा समज आहे. पण तो उपदेश रथावरच्या अर्जुनाला होता, हस्तिनापूरच्या खजिनदाराला नव्हे. कर्म करणाऱ्याने निष्काम व्हावं. ज्याने सेवा घेतली, त्याच्या डोक्यावर ऋण राहतं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात कर्मयोग मांडला, पण त्यातून सरकारी देणं माफ होत नाही!

हे ऋण कसं विसरलं जातं, ते बघा. 1888मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी आलेल्या पहिल्या दहा परिचारिका मुंबई बंदरातच उतरल्या. त्याच परंपरेतल्या एका लष्करी नर्सिंग अधिकारी बाईंना बरोबर शंभर वर्षांनी, लग्न केलं म्हणून काढून टाकलं गेलं. 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 60 लाखांची भरपाई दिली. सैनिकांची शुश्रूषा करून घेतलेल्या राज्याचं हे ऋणभान.

समतेचाही सोयीचा अर्थ लावला जातो. नौदलाचं अश्विनी रुग्णालय कुलाब्यात, पात्र असलेल्या सर्वांना सारखंच खुलं. पण दुखरा गुडघा घेऊन मालाडचा पूल चढायचा, लोकलने चर्चगेट गाठायचं, पुढे पुन्हा बस, आणि तपासणी दहा मिनिटांची. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मॅमोग्राफी उपनगरातच, ठरल्या वारी मिळायला हवी.

मार्च 2019मध्ये केंद्राने शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनाही एकरकमी वर्गणी भरून ईसीएचएसमध्ये येण्याची मुभा दिली. तुमच्या सोसायटीत अशी कुणी निवृत्त अधिकारी असेल, तर तिने कार्ड काढलंय का, एवढं जरूर विचारा.