कोडं हरण्यासाठी रचावं

जासई, ता. उरण, जि. रायगड

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या अंकासाठी तू रचलेलं शब्दकोडं मिळालं. चौकट नेटकी आहे, शब्द जाणून निवडले आहेस, आणि गावाकडच्या लोकांसाठी काही करावंसं तुला पुण्यात बसून वाटलं याचं कौतुक आहेच. पण शाबासकी देऊन पत्र संपवलं तर मामा कशाला? थोडं टोचून लिहितो.

‘पाणी (2)’ असं एक सूत्र तू दिलं आहेस. जल, नीर, तोय, वारि, हे चारही शब्द तिथे बसतात. एरवी उभ्या शब्दाचं एखादं अक्षर छेद देतं आणि निकाल लागतो. तू मात्र वर-खाली दोन्हीकडे काळे चौकोन ठेवलेस. आता मी लिहिलेलं ‘नीर’ बरोबर की चूक हे तुझं उत्तरपत्रक आल्याशिवाय मला कळायचा मार्ग नाही. असं सूत्र अवघड नसतं, अन्यायाचं असतं. अवघड आणि अन्याय यांतला फरक कळला की कोडं रचता येऊ लागतं. रचणाऱ्याने हरायचं ठरवूनच रचायला बसावं. वाचकाला झुलवावं, चकवावं, रात्रभर जागवावं. पण शेवटी त्याला छातीठोकपणे म्हणता आलं पाहिजे की हेच उत्तर, दुसरं असूच शकत नाही.

हा मुद्दा तेव्हाच्या मुंबई राज्यातून एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. छापील कूपन भरायचं, प्रवेश फी जोडायची आणि घसघशीत बक्षिसाची वाट बघायची. चमारबागवाला यांच्या ‘आरएमडीसी’ कोड्यांची कूपनं बंगळुरूच्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधून मुंबईत येत. मुंबई सरकारने लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवरच्या आपल्या 1948 च्या कायद्यात दुरुस्ती करून बाहेरून येणाऱ्या अशा स्पर्धांवरही कर लावला आणि भांडण कोर्टात गेलं. गोम अशी होती की एकाच जागी दोन-तीन शब्द जवळजवळ सारखेच लागू पडत. बरोबर तोच, जो आयोजकांच्या आधी ठरलेल्या उत्तराशी जुळेल. 9 एप्रिल 1957 रोजी न्यायालयाने निकाल दिला की हा जुगार आहे आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात असंही स्पष्ट झालं की 1955 चा बक्षीस स्पर्धा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही. म्हणजे तुझं ‘पाणी (2)’ कोणत्या बाजूला पडतं ते तूच ठरव. बक्षीस नसलं तरी वाचकाला नशिबावर सोडणं ते सोडणंच.

आता चौकटीबद्दल. 21 डिसेंबर 1913 रोजी आर्थर विन याने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं शब्दकोडं छापलं ते 26 सुट्या अक्षरांच्या लिपीसाठी. आपल्याकडे चौकोनात बसतं ते अख्खं अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. नुसती बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ चार घरांत मावतो आणि छेद जुळवणं मात्र फार कठीण जातं. उपाय साधा आहे. छेदाच्या घरात क, न, र, स, ल अशी मात्रा नसलेली अक्षरं येतील असे शब्द निवड. ‘ष्ट्र’सारखं अक्षर छेद नसलेल्या घरात ढकल. तुझ्या कोड्यात डावीकडे काळे चौकोन फार झाले आहेत, त्याचं कारण हेच. तू आधी आवडीचे लांब शब्द मांडलेस आणि मग त्यांच्यासाठी छेद शोधत बसलीस.

अख्ख्या अक्षराचा हाच नियम शब्दांच्या खेळालाही लागू होतो. ‘रामाला भाला मारा’ हे उलट वाचलं तरी तेच राहतं, कारण आपण अक्षर उलटतो, ध्वनी नव्हे. ‘चिमा काय कामाची’ तोंडी खपून जातं. चौकटीत नाही, कारण एक वेलांटी ऱ्हस्व आणि एक दीर्घ. ‘काजळ’ विस्कटलं की ‘जळका’ होतो, तिन्ही अक्षरं जशीच्या तशी. ‘कपडा’ विस्कटून ‘पडका’ मात्र होत नाही. काना एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचा अधिकार कुणी दिला? तसंच ‘पुरणात उरण दडलंय’ हे तुझं सूत्र ऐकायला छान आहे, पण ‘पु’ मोडून त्यातला उकार बाहेर काढावा लागतो. ते काढून टाक. जीव तुटेल, तरी काढ.

साध्या समानार्थी शब्दांच्या कोड्यात लोक रमतात, आणि लहान मुलांसाठी ती हवीतच. ‘25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहाचं गाव (4)’ असं दिलं की उरण तालुक्यातलं पाचवीतलं पोर ‘चिरनेर’ लिहील आणि त्या दिवशी काय झालं ते आजोबांना विचारेल. पण तुझा हात गूढ सूत्रांकडे वळतोय असं दिसतं, म्हणून त्यांचं सांगतो. गूढ सूत्राचे दोन भाग असतात: एक अर्थ आणि एक फोड. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी एकाच शब्दावर येतात, त्यामुळे उत्तर सापडलं की ते आपोआप तपासलंही जातं. इंग्लंडात ‘ऑब्झर्व्हर’साठी ‘झिमेनीज’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डेरिक मॅकनट या शिक्षकाने 1966 मध्ये या कलेवर पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अर्थ नेमका हवा, फोडीत लबाडी नको आणि फुकटचा शब्द एकही नको.

आपल्या गावावरच बघ. ‘निघ, सखी, दि. बां.च्या गावी (3)’. निघ म्हणजे जा, सखी म्हणजे सई, आणि शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं गाव म्हणजे जासई. वाचताना कुणी मैत्रिणीला निरोप देतंय असं वाटतं. उलगडल्यावर एकही शब्द उरत नाही. दडवण्याचा नमुना हवा तर ‘नवरा नगरला, मध्ये जंगल (2)’. नवरा आणि नगरच्या सांध्यात ‘रान’ आहे. उलटवण्याचा हवा तर ‘माघारी फिरलेल्या गरिबाला भेटलं वाहतं पाणी (2)’. दीन उलटला की नदी. आणि एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर उभं असलेलं: ‘झुलायला सांगणारं कोळ्याचं जाळं (2)’. डोल.

एक सूत्र मी खास तुझ्या अंकासाठी केलंय: ‘हिस्सा आठवा, जासईकर! (4, 2)’. वाचणाऱ्याला वाटेल, काहीतरी स्मरण करायला सांगतायत. स्मरण करावंच. जानेवारी 1984 मध्ये इथल्या भूसंपादनाविरुद्धच्या शेतकरी आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले आणि त्यातूनच पुढे विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. पण इथे ‘आठवा’ म्हणजे आठ भागांतला एक, आणि आठवा हिस्सा म्हणजे ‘साडेबारा टक्के’, त्या धोरणातला परत मिळणारा वाटा. ज्यांच्या घरात या टक्क्यांचे कागद अजून ट्रंकेत आहेत त्यांना हे सूत्र पुण्या-मुंबईच्या पंडितांआधी सुटेल. मला ते फार आवडतं.

म्हणून दुसरी सूचना: शब्द आजूबाजूचे घे. 1944 च्या मे महिन्यात लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’च्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी असे शब्द आले. हे सगळे नॉर्मंडीच्या चढाईचे गुप्त संकेत होते. कोडी रचणारे लिओनार्ड डॉ हे हेडमास्तर. गुप्तचर खात्याने त्यांना गाठून चौकशी केली. पुढे अनेक वर्षांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं की सर चौकटीत शब्द भरायला पोरांना बसवत आणि पोरं जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडून ऐकलेले शब्द भरत. बोलण्यात असतं ते चौकटीत उतरतं. तुझ्या कोड्यात मात्र ‘मंदाकिनी’ आहे, ‘वारिज’ आहे, आणि खाजण नाही, मिठागर नाही, जिताडा नाही, निवटी नाही, चिंबोरी नाही, धवला नाही. मिठागरं बुजली, खाजणांवर कंटेनरचे यार्ड उभे राहिले, अटल सेतूवरून माणसं झपकन मुंबईला जातात. हे शब्द आता कुणाच्या तोंडी येणार? अंकात तरी येऊ देत. फक्त एक पाळ: जो शब्द घाटावरच्या वाचकाला ठाऊक नसेल त्याचे सगळे छेद सोपे ठेव, म्हणजे तो शब्द त्याला नव्याने भेटेल, आडवा येणार नाही.

शब्दकोश जवळ ठेव. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला. रचताना तो उघडा असावा, सोडवताना मिटलेला. रोज दुसऱ्याचं एक कोडं सोडवल्याशिवाय स्वतःचं रचू नकोस. सोडवताना अडलीस तर जागेवरून उठ. दोन तासांनी तेच सूत्र वाचलं की त्यातला एखादा शब्द वेगळ्या अर्थाने दिसतो आणि उत्तर समोर येतं. त्या क्षणी आपण स्वतःशीच हसतो. रचणाराही दूर कुठेतरी त्याच हसण्याच्या आशेवर बसलेला असतो. न भेटलेल्या दोन माणसांना एकाच गोष्टीवर हसवणारा एवढा स्वस्त खेळ दुसरा नाही. पेन्सिल आणि खोडरबर पुरतं.

‘हे सगळं साहेबाचं, आपलं काय?’ असं मंडळातलं कुणी म्हणालं तर त्याला मोरोपंतांची आठवण दे. 1729 ते 1794 या आयुष्यात या कवीने किती तऱ्हांनी रामायण रचलं! त्यातलं निरोष्ठ रामायण तर ओठ न मिटता म्हणता येतं. प, फ, ब, भ, म टाळून त्याने रामकथा सांगितली, जिच्या नायकाच्या नावातच ‘म’ आहे. बंधन स्वतःच घालून घ्यायचं आणि त्यातून ऐटीत बाहेर पडायचं, ही हौस मराठीला जुनीच आहे.

आता कामाचं. डावीकडची चौकट मोडून पुन्हा बांध. ‘पाणी’ आणि ‘पुरण’ काढ, ‘साडेबारा टक्के’ मधोमध आडवं घाल. अंक छापायला देण्याआधी कोडं शब्दांची आवड असलेल्या पण तुला न ओळखणाऱ्या एका माणसाकडून सोडवून घे आणि तो सोडवत असताना तोंडातून एक शब्द काढू नकोस. ज्या सूत्रापाशी तुला खुलासा करावासा वाटेल, ते सूत्र चुकलेलं आहे असं समज आणि बदल.

आईला नमस्कार सांग. सुधारलेलं कोडं आठ दिवसांत पाठव. उत्तरं सोबत पाठवू नकोस.

तुझा,
मामा