निकाल तहकूब ठेवण्याविषयी

परक्या माणसाविषयी प्रथमदर्शनी आपल्याला जे वाटते त्याला ज्ञान म्हणावे की मनाची केवळ घाई, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत जितका जुना आहे तितकाच तो धर्मशाळेच्या ओट्यावर आणि मठाच्या देवडीवरही जुना आहे; परंतु जिथे पोटापाण्याचा संबंध नाही, मानमरातबाचाही फारसा नाही, आणि केवळ एका छंदाच्या प्रीतीने माणसे एकत्र येतात, तिथे तो ज्या निर्भेळ स्वरूपात दिसतो तसा अन्यत्र क्वचितच दिसत असेल. व्यापारी नव्या गिऱ्हाइकाकडे साशंकतेने पाहतो त्याला नफानुकसानीचे कारण असते, आणि सोयरीक जुळवणारा चार ठिकाणी चौकशी करतो त्याला तर पुढच्या पिढ्यांचे कारण असते. बुद्धिबळाच्या नादी लागलेल्या मनुष्याला नवागताविषयी मत बनवण्याची असली कोणतीच निकड नसते. तरीही तो ते बनवतो, पहिल्या दहा खेळींच्या आत बनवतो, आणि एकदा बनवले की सहसा बदलत नाही.

बुद्धिबळाचा दाखला मी मुद्दाम घेतो, कारण हा खेळ आता बहुतांशी दुरून, फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांत खेळला जातो. पूर्वी मंडळाच्या खोलीत कोणी नवा आला की त्याच्या हातांवरून पुष्कळ कळे, निदान कळले असे वाटे: वजीर त्याने आपल्या रंगाच्या घरात मांडला की नाही, किल्लेकोट करताना राजाच्या आधी हत्तीला हात घातला काय, खेळी झाल्यावर घड्याळाची कळ दाबायची त्याला आठवण राहते काय, एवढ्यावर कोपऱ्यातले जुने सभासद एकमेकांकडे पाहून समजायचे ते समजून घेत. पडद्यावर हात नाहीत, चेहरा नाही, बोली नाही. मनाला येईल ते घेतलेले एक टोपणनाव, त्याच्या शेजारी 1500 हा रेटिंगचा आकडा, आणि लिचेससारख्या ठिकाणी त्या आकड्याला चिकटलेले एक बारीकसे प्रश्नचिन्ह, एवढ्याच सामग्रीवर समोरच्याला माणसाचे चित्र उभे करायचे असते.

ते चित्र दोनच साच्यांत पडते. नवागत चुकला तर तो अडाणी ठरतो, आणि जिंकला तर लबाड. सोप्या खेळीलाही सात सेकंद आणि बिकट खेळीलाही सातच सेकंद अशा एकसारख्या गतीने तो खेळू लागला, की ‘याने इंजिन लावले आहे’ हा शेरा तयारच असतो. या संशयाची परंपरा मात्र मोठी मौजेची आहे. 1770 साली व्हिएन्नात केम्पेलेन याने सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्यासमोर एक ‘तुर्क’ आणून बसवला. पेटीमागे पगडी घातलेला लाकडी पुतळा, आणि तो म्हणे आपल्या बुद्धीने बुद्धिबळे खेळे. पुढे 1854 साली फिलाडेल्फियात आगीत जळून जाईपर्यंत त्या पुतळ्याने युरोप-अमेरिका चकित करून सोडली, आणि जे थोडे चतुर प्रेक्षक होते ते म्हणत राहिले की या यंत्राच्या आत माणूस दडलेला आहे. तो खरोखरच दडलेला होता. आजचा चतुर प्रेक्षक माणसाच्या आत यंत्र दडले असल्याचे सांगतो, आणि त्याचेही म्हणणे कधी कधी खरे निघते, म्हणूनच ही बाब नुसत्या सद्भावनेच्या उपदेशाने मिटण्यासारखी नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी या मनःस्थितीचा जो विचार केला आहे तो मला येथे फार उपयोगाचा वाटतो. गोतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. म्हणजे संशयाला त्यांनी दोष समजून हाकलून दिले नाही, तर शास्त्राच्या दप्तरात त्याची रीतसर नोंद केली, आणि निर्णयाला त्याच्यापासून चांगला दूर बसवला. त्यांचे ठरलेले उदाहरण संधिप्रकाशातले आहे. लांबवर काही उभे दिसते; उंची खांबालाही असते आणि माणसालाही असते; जे दोघांत समान ते दिसले आहे, आणि ज्याने दोघे निराळे ओळखावेत ते हात-पाय वा ढोली-फांद्या दिसलेल्या नाहीत. अशा वेळी ‘हा खांब आहे’ असे म्हणणारा आणि ‘हा माणूस आहे’ असे म्हणणारा, दोघांपैकी एकाचे म्हणणे उजाडल्यावर खरे ठरेल खरे, पण त्या घटकेला ज्ञान दोघांपाशीही नव्हते. यदृच्छेने बरोबर आलेल्या तर्काला प्रमाणाचा मान द्यायचा नाही, हा या दर्शनाचा करडा शिरस्ता आहे.

याच शास्त्रातील हेत्वाभासांची चिकित्सा आपल्या पडद्यावरच्या प्रसंगाला लावून पाहावी. ‘हा लबाड आहे, कारण हा नवा असून बळकट खेळतो’, या अनुमानातला हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे साध्याला सोडून तो भलतीकडेही आढळतो. रोज संध्याकाळी शिकवणीला जाणारी दहा वर्षांची पोर नवी असून बळकट खेळेल. नोकरीच्या काळात पट माळ्यावर टाकून निवृत्तीनंतर पुन्हा खेळायला बसलेला पोस्टमास्तरही तसाच खेळेल. धुरावरून अग्नी सांगता येतो, पण अग्नीवरून धूर सांगता येत नाही, कारण मध्ये ओल्या सरपणाची उपाधी असते. आणि नव्या माणसाच्या बाबतीत हे ओले सरपण म्हणजे त्याचे मागचे सगळे आयुष्य, जे आपल्याला मुळीच ठाऊक नसते.

मागचे आयुष्य ठाऊक नसल्याने काय होते याचे मीर सुलतान खान याच्याइतके बोलके उदाहरण या खेळाच्या इतिहासात दुसरे नसावे. पंजाबातला हा तरुण सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. 1929 च्या वसंतात त्यांच्याबरोबर तो लंडनला गेला, आणि त्याच वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. पुढे 1932 आणि 1933 मध्येही ते त्याच्याकडेच आले, आणि 1930-31 च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही हरवले. तरीही त्याच्या डावाचा आरंभ पाहणाऱ्याला तो कच्चा वाटे, आणि तसे वाटण्याचे कारण त्याच्या बुद्धीत नव्हते, ते त्याच्या शिक्षणात होते. तो लहानपणी खेळायला शिकला तो देशी बुद्धिबळ. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे सरते, किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल चालण्याची मुभा असते, आणि शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याला त्या उभ्या ओळीचे जे मोहरे असेल तेच होता येते. हे नियम अंगात मुरलेला मनुष्य विलायती डावाच्या पहिल्या दहा खेळींत चाचपडणारच. ज्याला प्रेक्षक अज्ञान समजत होते ती दुसऱ्या घराण्याची तालीम होती. बसलेल्या डावात तो संथपणे, पाणी जिरावे तसा मुरत जाई, आणि अखेरच्या टप्प्यात भल्याभल्यांना जेरीस आणी. पाश्चात्त्य लेखकांनी मात्र त्याला कायमचा निरक्षर चाकर करून टाकले, आणि त्या चित्रावर त्याच्या कुटुंबीयांनी आक्षेप घेतला तो फार पुढे. 1966 साली तो वारला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती 2024 साली. निकाल चुकीचा लागला की त्याची दुरुस्ती किती मुदतीने होते, याचा हा एक हिशेब.

या पार्श्वभूमीवर त्या बारीक प्रश्नचिन्हाकडे पुन्हा पाहिले की त्याच्यामागच्या माणसाविषयी आदर वाटू लागतो. खेळाडूंचे बळ आकड्यात सांगण्याची जी पद्धत आर्पाद एलो या प्राध्यापकाने बसवली आणि 1970 साली जागतिक महासंघाने स्वीकारली, तिच्यात आकडा असे, पण त्या आकड्यावर विश्वास किती ठेवावा हे सांगितलेले नसे. मार्क ग्लिकमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने आकड्याच्या जोडीला अनिश्चिततेचे माप दिले. त्याच्या रीतीप्रमाणे नवा खेळाडू 1500 वर सुरू होतो आणि त्याचे विचलन 350 धरले जाते. त्याचा व्यवहारी अर्थ असा, की हा मनुष्य 800 चा असेल किंवा 2200 चाही असेल, आम्हाला अजून माहीत नाही. डाव होत जातात तसे ते विचलन आकसते, आणि लिचेसवर ते 110 च्या खाली आले की प्रश्नचिन्ह गळून पडते. मला यातली सर्वांत मार्मिक गोष्ट वाटते ती निराळीच: खेळाडू बरेच दिवस खेळलाच नाही तर विचलन पुन्हा वाढू लागते. माणसाविषयीचे ज्ञान शिळे होते, हे या गणिताला मान्य आहे. आपल्या वाड्यातल्या, कचेरीतल्या आणि नात्यागोत्यातल्या किती माणसांविषयीचे आपले आकडे वीस-वीस वर्षे हात न लावता तसेच पडून आहेत, याचा हिशेब कोणी घालावा!

पण येथवर आलेला वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की निकाल तहकूब ठेवला तरी मधल्या काळात वागायचे कसे? संधिप्रकाशातला खांब वाट पाहू शकतो. दारात उभा राहिलेला माणूस वाट पाहत असतो, आणि त्याला भूक असते. ज्ञानाला थांबता येते, आचरणाला थांबता येत नाही, आणि दर्शनांचे काम जिथे संपते तिथे धर्मसंस्थांचे सुरू होते ते याच अडचणीमुळे.

बौद्ध संघाने यावर केलेली तजवीज विनयपिटकातील महावग्गात आहे. अन्य पंथातून आलेल्या इसमाने उपसंपदेपूर्वी चार महिने परिवास करावा असा तो नियम. पण त्याच ठिकाणी अग्निपूजक जटिलांना त्यातून सूट दिलेली आहे, कारण कर्माचे फळ ते मानत होते. कुसिनारा येथे बुद्धाच्या अखेरच्या रात्री सुभद्द नावाचा परिव्राजक आला, त्याला हा नियम सांगण्यात आला, तेव्हा चारच महिने काय, चार वर्षे राहायची तयारी त्याने दाखवली, आणि त्याला तत्काळ दीक्षा मिळाली. परिवासाचे इंगित या कथेत उघड होते. मुदत माणसाला जोखण्यासाठी होती, आणि मुदतीशिवाय तो कळला तर मुदतीचा आग्रह उरत नव्हता. त्या चार महिन्यांत उमेदवाराला विहाराबाहेर ठेवत नसत, ही गोष्टही ध्यानात घ्यावी.

आपल्याकडे वारीच्या वाटेवर याहून सोपा उपाय सापडतो. दिंडीत समोर आलेला कोण, कुठला, काल सामील झाला की चाळीस वर्षे चालतो आहे, याची विचारपूस न करता वारकरी त्याच्या पाया पडतो आणि त्याला ‘माऊली’ म्हणतो. तोही उलट पाया पडतो. येथे नमस्कार हा ज्ञानावर अवलंबूनच नाही. माणसाविषयीचा निर्णय पुढे जो काय व्हायचा तो होवो, त्याची वागणूक त्याआधीच ठरून गेलेली आहे. ही रीत मला फार थोर वाटते. आणि थोर वाटते म्हणूनच हेही सांगितले पाहिजे की वाळवंटातला हा नमस्कार शतकानुशतके महाद्वाराच्या आत गेला नाही, चोखोबांची समाधी दाराबाहेर राहिली, आणि ते दार सर्वांना उघडे व्हायला 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. निव्वळ शिष्टाचाराच्या भरवशावर दरवाजे उघडत नाहीत. त्यांच्यासाठी नियमच बदलावे लागतात.

संतमंडळींतही नवागताची परीक्षा सुटली नव्हती. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले, बाकीचे मुकाट बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि त्या रागावरून मडके कच्चे ठरले, ही कथा आपण नामदेवांवर हसत ऐकतो. मला स्वतःला त्या प्रसंगी नामदेवांची बाजू थोडीशी पटते. डोक्यात थापटणे बसल्यावर जो ओरडतो तो कच्चा, असा कायदा केला की आरोपाविरुद्ध तक्रार हाच गुन्ह्याचा पुरावा होतो. आणि पडद्यावर लबाडीचा आळ आलेला नवा पोरगा कळवळून ‘मी काही लावले नाही’ असे लिहितो, तेव्हा त्याच्या कळवळण्यावरूनच त्याला दोषी ठरवणारे आजही भेटतात. अर्थात कथेतला कुंभार एक गोष्ट जाणून होता: कच्चे मडके भाजता येते. नामदेव तेथून विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. लबाडीची शहानिशा मात्र पंचांनीच करावी, त्यांच्यापाशी डावांचे दप्तर असते आणि आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याची रीत असते. प्रतिस्पर्ध्याने फार तर अर्ज द्यावा आणि पुढचा डाव मांडावा.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली केली तिच्यात नवोदिताला सहजासहजी आत घेऊ नये, चार-पाच दिवस दार ठोठावू द्यावे, असे कलम आहे, आणि ते पुष्कळांना माहीत असते. तीनच प्रकरणे पुढे, परगावाहून आलेल्या संन्याशाविषयी लिहिताना, तो एक विलक्षण सूचना करतो: असा पाहुणा मठाच्या वहिवाटीत नम्रपणे काही दोष दाखवू लागला, तर देवाने त्याला याच कामासाठी तर धाडले नसेल ना, याचा मठाधिपतीने विचार करावा. पाहुणा आपल्याला पाहतो आहे, आणि आपली वहिवाट आपल्याहून त्याला स्पष्ट दिसते, ही जाणीव पहिल्या कलमात नाही, या दुसऱ्यात आहे. बुद्धिबळाच्या जगात तिचा प्रत्यय आणून देणारी मुलगी मुंबईची निघाली. 1976 साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा तिच्या खेळाविषयी कोणाला शंका नव्हती, हरकत होती ती तिच्या तेथे असण्याला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तिच्या बाजूने निकाल लागला, आणि महासंघाचे त्या वेळचे अध्यक्ष माजी जगज्जेते माक्स यूवे यांना जाहीर करावे लागले की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. रोहिणीचे वय त्या वेळी तेरा वर्षांचे होते.