आधी साक्ष, मग कागद

एअर रायफलच्या स्कोपवर दोन गुंड्या असतात. एक छर्रा वर-खाली नेते, दुसरी डावी-उजवीकडे. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपवर एका क्लिकने 25 मीटरवर फरक पडतो दोन मिलिमीटरहूनही कमी. इतकी बारीक दुरुस्ती हाताशी असताना मी ती कशासाठी करतो? नेम खरा व्हावा म्हणून, की माझ्या हाताचा दोष झाकावा म्हणून?

स्प्रिंगच्या रायफलीपुढे हा प्रश्न टाळता येत नाही. ट्रिगर दाबला की आतला पिस्टन सुटतो. रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. हे सुरू होतं तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. बट खांद्याला किती आवळली, पुढचा हात कुठे टेकवला, गाल कुठे ठेवला, या सगळ्याचा हिशेब त्या क्षणात होतो. पकड बदलली की अख्खा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सरकतो. स्कोप ढळल्याने पडलेलं भोक आणि खांदा आवळल्याने पडलेलं भोक कागदावर सारखंच दिसतं. काय घडलं ते ठाऊक असतं फक्त मला.

म्हणून नेमबाजांत 'कॉल' देण्याची शिस्त आहे. छर्रा सुटला त्या क्षणी क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुली, कुठे होती, ते कागद पाहण्याआधी बोलून टाकायचं : 'उजवीकडे, किंचित खाली.' पाचही कॉल मधोमध असतील आणि ग्रुप घट्ट पण बाजूला पडला असेल, तर आधी पकड तीच होती ना हे तपासायचं, मगच गुंडी फिरवायची. कॉल उजवीकडे आणि भोकही उजवीकडे, तर गुंडीला हात लावायचा नाही. सुधारायचं ते मला. एकदा भोक दिसलं की आठवण गुपचूप त्याच्याशी जुळवून घेते, आणि आपण खोटं बोललो असं वाटतही नाही. ग्रुपबाहेरचं भोक 'फ्लायर' म्हणून वगळायची सोय तर आहेच. आधी कॉल दिला नसेल, तर ते वगळण्याचा मला अधिकार काय?

10 मीटरच्या स्पर्धेत सुरुवातीचे साइटर, म्हणजे चाचणीचे छर्रे, मोजले जात नाहीत. नंतरचे 60 मोजले जातात. स्कोप झीरो करताना, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि भोक जुळवताना, माझे सगळेच छर्रे साइटर. गुण नाहीत, पंच नाही. खरं बोलण्याची जबाबदारी तिथे पूर्णपणे माझ्यावर येते.

छर्र्याचा मार्ग मला आणखी पुढे नेतो. नजर सरळ जाते, छर्रा जात नाही. स्कोप नळीच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर बसलेला असतो, नळी नजरेच्या रेषेला किंचित वर रोखलेली असते आणि बाहेर पडल्यापासून छर्रा गुरुत्वाकर्षणाने खेचला जात असतो. तो खालून वर येत नजरेची रेषा ओलांडतो आणि पुढे पुन्हा खाली उतरतो. सेकंदाला 240 मीटरच्या आसपास वेग असेल आणि झीरो 25 मीटरवर असेल, तर 10 मीटरवर तो सुमारे सेंटिमीटरभर खाली लागतो आणि 30 मीटरवरही जवळपास तेवढाच. पुढे ही घसरण झपाट्याने वाढते. म्हणजे मी मिळवलेली अचूकता ठरावीक अंतरापुरतीच आहे. त्यापलीकडचा भरवसा मी मोजून मिळवलाय, की नुसता गृहीत धरलाय? चुकलेला छर्रा कागदाशी थांबत नाही, शंभर मीटरच्याही पार जातो. मागे भक्कम आडोसा नसेल, तर माझं गृहीत धरणं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर बेतू शकतं.

म्हणून वहीत दर अंतराला दोन रकाने हवेत : कॉल आणि भोक. पहिला रकाना दुसऱ्याच्या आधी भरायचा. दोन्ही जुळले नाहीत, तरी पहिला खोडायचा नाही. आणि ज्या अंतरावर दोन्ही रकाने कोरे आहेत, तिथे मला नेम येतो असं म्हणायचं नाही.