ओवीला किती जागा लागते

एकनाथी भागवताची ओवी मोबाइलच्या पडद्यावर कुठं मोडावी? माझा धंदा वेबपानं बांधण्याचा, त्यामुळं ओळ कुठं मोडायची हा प्रश्न रोजचाच. दवाखाने, मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग यांची पानं फोनवर नीट उमटतात की नाही ते बघत माझा दिवस जातो. पण सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या मंदिरात श्रावणातल्या पारायणासाठी नाथभागवत सगळ्यांना फोनवर वाचता यावं असं ठरलं, काम माझ्याकडं आलं, आणि या साध्या प्रश्नाखाली दुसराच प्रश्न दिसायला लागला. ग्रंथ म्हणजे नेमकं काय? त्यातलं काय बदललं तर चालेल, आणि कशाला हात लावायचा नाही?

आधी कामाचं सांगतो. संत एकनाथांच्या ओवीचे चार चरण. पहिल्या तिन्हींत यमक, चौथा आखूड. म्हणणारा तिसऱ्या चरणापर्यंत चढत जातो आणि चौथ्यावर श्वास सोडतो. छापील पुस्तकात ही ओवी दोन ओळींत मावते. फोनवरही मावते, अक्षर बारीक असेल तोवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजोबांनी अक्षर मोठं केलं की ओळ भलतीकडंच तुटते. यमकाचा शब्द खाली पडतो, आखूड चरण लांब दिसायला लागतो, आणि कधी कधी शेवटचा दंड एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभा राहतो. वाचणारा नेमका तिथंच अडखळतो.

म्हणून प्रत्येक चरण स्वतंत्र ठेवला. जागा कमी पडली तर ओळ दोन चरणांच्या मधेच मोडेल. चरणच मोठा असेल तर त्याचा उरलेला भाग थोडा आत सरकून येईल, म्हणजे तो नवा चरण वाटणार नाही. दंडाच्या आधी न तुटणारी मोकळी जागा घातली, की दंड शेवटच्या शब्दाला सोडत नाही. ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडत होती. पानाची भाषा मराठी आहे हेही आत नोंदवलं. ज्या टंकात सोय आहे तिथं मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. पानाला रुंदी नेमूनच दिली नाही. ज्याचा जसा फोन, तसं पान.

यावर मंदिराच्या मंडळातल्या एका जाणत्या गृहस्थांनी विचारलं, पोथीचं मूळ रूप तुम्ही असं बदलता कसं? आस्थेनं विचारलं होतं, म्हणून मीही मनापासून शोधलं. जुन्या हस्तलिखितांत काय दिसतं? आडवी, सुटी पानं. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, अक्षरं काठापर्यंत सलग चाललेली. ओवी संपली हे कळतं ते दंडावरून आणि आकड्यावरून. म्हणजे चरणांची जी मांडणी आपण पोथीचं मूळ रूप म्हणून डोळ्यांत साठवली आहे, ती छापखान्याच्या काळात आपल्याला लागलेली सवय. आणि हस्तलिखित तरी एकाच मापाचं कुठं असतं? आपल्याच मराठवाड्यात, अंबाजोगाईला, नाथांच्या समकालीन दासोपंतांनी पंचीकरण लिहिलं ते चक्क कापडाच्या पासोडीवर, सुमारे ४० फूट लांबीच्या. शब्दांना आपापल्या काळात जे मिळालं त्यावर ते राहिले.

पण नाथांनी स्वतः काय केलं, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ लिहिला गेला त्याला तेव्हा जवळजवळ ३०० वर्षं झाली होती आणि नकलांमधून पाठ बिघडले होते. ते दुरुस्त करून शेवटी त्यांनी बजावलं की यात कुणी आपल्या पदरची ओवी घालू नये. पान किती लांब असावं, शाई कोणती वापरावी, याबद्दल बंधन नाही. बंधन आहे ते ओवीबद्दल. आणि याच नाथांनी संस्कृत भागवताचा अकरावा स्कंध मराठीत आणला, १५७३ साली काशीत पुरा केला, आणि मराठीतला हा अर्थही तितकाच पवित्र आहे असं ग्रंथाच्या आरंभीच ठामपणे मांडलं. बाहेरचं रूप बदलायला ते कचरले नाहीत. आतल्या ओवीला मात्र त्यांनी कुंपण घातलं. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हाताखाली हिशेबात शिस्त शिकलेला माणूस होता तो, ही नेमकेपणाची ओढ तिथलीच असावी असं मला वाटतं.

खरा अवघड प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला. "अरे, पोथीला आम्ही हळदकुंकू वाहतो, लाल कापडात बांधतो, खाली ठेवत नाही. या फोनचं काय करायचं? त्यात तर सगळंच असतं."

याचं उत्तर मला नाथभागवतातच मिळालं. अकराव्या स्कंधाच्या २७व्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला पूजाविधी सांगतात. मूर्ती आठ प्रकारची असते: दगडाची, लाकडाची, धातूची, मातीचंदनासारख्या लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. वाळूची! वाऱ्यानं विस्कटणारी वाळू आणि डोळ्यांना न दिसणारं मन, दोन्ही दगडाच्या पंक्तीत बसवली आहेत. पुढं तर आणखी नेमकं सांगितलं आहे. सगळ्या मूर्तींना स्नान घालायचं नाही. लेपाची किंवा रेखाटलेली असेल तर ती फक्त पुसायची, नाहीतर मूर्तीच बिघडेल. देव एकच, पण उपचार ठरतो तो माध्यम बघून. मी काकूंना म्हटलं, "काकू, फोनला हळदकुंकू नको. काच पुसून घ्या आणि वाचायला बसा."

त्यांना पटलं, पण अर्धंच. त्यांचं दुसरं म्हणणं मलाही सोडता येत नाही. लाल कापडात बांधलेली पोथी उघडली की त्या वेळेपुरतं दुसरं काही उघडं नसायचं. फोनवर अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा रंगात आली की नेमका वरून कुणाचा तरी निरोप घसरत येतो. पुसल्यानं काच स्वच्छ होते, चित्ताचं काय? मी करता येईल तेवढं केलं. पानावर जाहिरात नाही, वाचकांचा आकडा नाही, 'पुढं पाठवा'चं बटण नाही, अध्याय संपला की पुढचा आपोआप उघडत नाही. एकदा उघडलेला अध्याय नेट गेलं तरी तसाच राहतो, म्हणजे फोन विमान मोडवर टाकून वाचता येतो. त्यापलीकडचं काम वाचणाऱ्याचं आहे. पूर्वी पोथी स्वतःच ती शिस्त लावायची. आता ती माणसानं आतून आणावी लागते, आणि हे जड काम आहे. यंत्र ते करील असं मी कुणालाही सांगणार नाही.

पारायणात मधोमध चौरंगावर छापील पोथी होती, तिलाच हळदकुंकू, तिलाच हार. भोवती कुणाकडं पुस्तक, कुणाकडं फोन. एका फोनवर पडद्यात दोनच ओव्या मावत होत्या, दुसऱ्यावर सात. पान नंबर सांगण्यात अर्थच उरला नव्हता. सांगणारे फक्त "अध्याय सातवा, ओवी अमुक" म्हणायचे आणि सगळे एकाच जागी यायचे. १८ हजारांहून जास्त ओव्यांच्या ग्रंथात तो आकडा सगळ्यांना बांधून ठेवत होता. दंड आणि आकडा, जे हस्तलिखितांच्या काळापासून चालत आलं आहे, तेवढंच तीन निरनिराळ्या साधनांवर समान राहिलं. उशिरा येणारी एक मुलगी रिक्षात बसल्या बसल्या वाचत यायची आणि दारातून आत येताना बरोबर त्याच ओवीवर असायची.

आता पुढच्या वर्षी ज्ञानेश्वरी घ्यायचं चाललं आहे, आणि तिथं हा आकडाही पुरणार नाही. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडकडं मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, आणि तो पाठ नाथांच्या आधीचा आहे असं मांडलं. दोन्ही पाठांतली ओव्यांची संख्या जुळत नाही. मंडळातल्या काही तरुणांना ओवीवर बोट ठेवताच दुसरा पाठ शेजारी उघडायला हवा आहे. अभ्यासाला ते फार मोलाचं आहे, पण म्हणत असताना पाठ डळमळता नसावा. माझ्या मते पारायणाच्या पानावर नाथांच्या परंपरेतला एकच पाठ ठेवावा, आणि राजवाड्यांचा पाठ वेगळ्या पानावर, एकेक ओवी हातानं ताडून, जोडावा. ते काम यंत्रावर सोपवायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. पहिल्या अध्यायापासून दोन्ही पुस्तकं समोर घेऊन बसलो आहोत.