नाताळ आणि शेजाऱ्याचे ताट

नाताळ जवळ आला की आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत घरोघरी तळणीचा वास सुटतो. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या यांची ताटे रुमालाने झाकून शेजारीपाजारी पोहोचविली जातात. माझ्या लहानपणी हे काम माझ्याकडे असे. मी ताट घेऊन जाई, शेजारीण हसून ते घेई आणि रिकामे ताट चिमूटभर साखर घालून परत देई. आमच्या करंज्या पुष्कळदा गोठ्यात जनावरांपुढे जातात, हे मला फार उशिरा कळले. त्याहून उशिरा दुसरी एक गोष्ट उमगली. दिवाळीला त्याच घरचे ताट आमच्याकडे येई, तेव्हा मंडळीचे पंच असलेले माझे वडील ते दोन्ही हातांनी आदराने स्वीकारीत आणि संध्याकाळी दाराशी आलेल्या भिकाऱ्याच्या झोळीत रिते करीत. ताटे दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे फिरत राहिली. अन्न मात्र कोणाच्याच घशाखाली उतरले नाही.

हे दोन नकार एकाच मापाने मोजता येणार नाहीत, हे येथेच सांगितले पाहिजे. शेजाऱ्यांच्या नकारामागे जात होती. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तरी गावाच्या लेखी ते वेशीबाहेरचेच राहिले. वडिलांच्या नकारामागे मात्र विवेकबुद्धी होती. तरीही ताट आणणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर दोहोंचे फळ एकच होते.

वडिलांचा आधार पौलाचा. करिंथच्या बाजारात विकले जाणारे मांस बहुधा देवळातून आलेले असे, आणि ते खावे की खाऊ नये हा तेथल्या मंडळीपुढील प्रश्न होता. आपल्या मराठी शास्त्राच्या भाषांतरकारांनी तेथे ‘नैवेद्य’ हा शब्द योजला. त्या एका शब्दाने करिंथचा प्रश्न थेट आमच्या ओसरीवर येऊन बसला. पौलाचे उत्तर मात्र वडील समजत होते तितके सरळ नाही. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा अन्नाने कोणी भ्रष्ट होत नाही, असे तो आधी मान्य करतो. कोणी जेवावयास बोलाविले तर चौकशी न करता पुढ्यातले खावे, असेही सांगतो. पण ते अर्पिलेले आहे असे कोणी बोलून दाखविल्यास खाऊ नये, आणि तेही आपल्यासाठी नव्हे, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी. आम्ही या उपदेशातला ‘खाऊ नये’ एवढाच भाग पाठ केला. तो कोणासाठी, हे शब्द आमच्या हातून निसटले.

हा विचार माझ्या मनात रुजला तो काशीच्या दुर्गाघाटावर. 2019 सालच्या डिसेंबरात काही कामानिमित्त मी तेथे गेलो होतो आणि एका जुन्या सहकाऱ्याच्या मावशींकडे उतरलो होतो. पंचगंगाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या मधला हा घाट. वर ब्रह्मचारिणी देवीचे देऊळ, आणि अरुंद गल्ल्यांतून पेशवाईपासून वसलेली मराठी घरे. श्राद्धाचे अन्न ज्यांनी अस्पृश्यांना वाढले अशी कथा सांगतात, त्या नाथांनी आपली भागवतावरील टीका याच काशीत पूर्ण केली. आणि याच काशीतल्या मराठी ब्राह्मणांतून नीलकंठशास्त्री गोरे ख्रिस्ताकडे आले. आधी मिशनऱ्यांचे खंडन करण्यास सरसावलेल्या या पंडिताने 14 मार्च 1848 रोजी बाप्तिस्मा घेतला, तो काशीत नव्हे, जौनपुरात. 1850 साली कायदा झाला आणि धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित राहिला. पंगत राखणे मात्र कोणत्याच कायद्याच्या हाती नव्हते. पुढे चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर 1890 मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवला गेला, तर त्यावरून केवढा गहजब झाला! न्यायमूर्ती रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि आपण ते काशीस घेतले असल्याचे लोकमान्य टिळकांनी सांगितले. एका पेल्याचे पाप फेडण्याचे जे स्थान, तेथेच मी नाताळच्या दिवशी पाहुणा होतो.

आदल्या रात्री मला झोप आली नाही. मावशींचे वय ऐंशीच्या पुढे. स्वयंपाक सोवळ्यात. देवाला दाखविल्याशिवाय त्या घरात पानावर काही पडत नाही, हे मी दोन दिवस पाहत होतो. आधीच्या दिवसांत मी बाहेर जेवून वेळ निभावून नेली होती. पण त्या म्हणाल्या होत्या, “उद्या तुमचा बडा दिन. उद्या जेवायला घरीच या.” आता काय करावे? मी मनाशी पौलाची वचने जुळवू लागलो. चौकशी न करता खावे, हे वचन मला त्या रात्री विशेष सोयीचे वाटले. चौकशीची गरजच नव्हती, कारण मला सगळे ठाऊक होते.

सकाळी गंगेवर दाट धुके होते. पलीकडचा तीर दिसत नव्हता. सहकाऱ्याने गल्लीतून मातीच्या कुल्हडात मलइयो आणला, तो खाऊन आम्ही गोदौलियाकडे निघालो. तेथला एक चौक ‘गिरजाघर’ याच नावाने ओळखला जातो, आणि रिक्षावाला मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच नावाने तेथे सोडतो. उपासना करून दुपारी परतलो तर चूल शांत झाली होती आणि पाने मांडली होती. पुरणपोळी, कटाची आमटी, वाटाण्याची उसळ.

मावशींनी माझ्या पानावर वाढले ते एका निराळ्या पितळी डब्यातून. मी पाहत आहे हे त्यांच्या लक्षात आले. म्हणाल्या, “हे नैवेद्य दाखवायच्या आधी बाजूला काढले. तुमच्या ग्रंथात मना आहे, असे याने सांगितले. देवाला न दाखवलेले मी आजवर कोणाला वाढले नव्हते. पण तुमचा सण, तर तुमच्या मनाला लागेल असे कशाला?” मग त्या स्वतःचे पान घेऊन त्याच ओळीत बसल्या, आणि म्हणाल्या, “तुमची प्रार्थना म्हणा. आम्ही थांबतो.”

देवांना न देता भोगणारा चोर होय, असे गीता सांगते. ती गीता मावशी रोज वाचतात. म्हणजे त्यांच्या शास्त्राप्रमाणे त्यांनी मला वाढले ते निर्दोष अन्न नव्हते. त्याचा भार त्यांनी स्वतःवर घेतला होता, आणि तो माझ्या शास्त्रासाठी. पौलाने बलवानाकडून मागितलेली गोष्ट, पौलाचे नावही न ऐकलेल्या एका वृद्धेने माझ्यासाठी केली होती. मी मात्र रात्रभर फक्त माझ्याच विवेकबुद्धीचा हिशेब मांडीत होतो. त्यांच्या विवेकाचे काय होईल, हा प्रश्न मला शिवलाही नव्हता.

कोणी म्हणेल, भांडी दोन झाली म्हणजे भेद राहिलाच. हा आक्षेप हलका नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे की, ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे व वेगळा स्वयंपाक सांभाळला. पुढे विचाराअंती त्यांनी तो भेद स्वतःच मनातून काढून टाकला. मग दुर्गाघाटावरचा वेगळा डबा आणि ती वेगळी चूल यांत फरक कोणता? मला तो असा दिसतो. सोवळ्याची चूल समोरच्यापासून आपले रक्षण करते. मावशींचा डबा त्यांच्यापासून माझे रक्षण करीत होता. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तर फसगत होते. माझ्या वडिलांनी ताट झोळीत रिते केले तेव्हा त्यांनी कोणाचे रक्षण केले? मला वाटते, स्वतःचे. ते प्रामाणिक होते, यात मला शंका नाही. पण ताट आणणाऱ्या बाईकडे जाऊन, ‘बाई, आमची ही अडचण आहे, देवाला दाखवण्याआधीचे थोडे द्या,’ असे म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. असे मागण्यात आपण लहान होतो. देताना मात्र आपण मोठे असतो, म्हणून नाताळात वाटणे आपल्याला सोपे जाते. ज्या प्रभूचा जन्म आपण साजरा करतो, त्याला जन्माच्या रात्री स्वतःची जागा नव्हती. तो दुसऱ्याच्या गव्हाणीत निजला, आणि पुढेही जकातदाराच्या घरी जेवला तो पाहुणा म्हणूनच.

आणि येथे ‘सर्व धर्म सारखेच’ असे आम्ही दोघांपैकी कोणीही म्हटले नाही. मावशींना ते पटले नसते आणि मलाही नाही. गोरे यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहा दर्शनांशी वाद घातला. तो वाद खरा होता व आजही संपलेला नाही. आमचे धर्म सारखे असते, तर वेगळ्या डब्याची गरजच पडली नसती.

पुढच्या वर्षी नाताळ आणि मोक्षदा एकादशी एकाच दिवशी आली. 2020 सालची ती गोष्ट. आमच्या समोरच्या घरी, म्हणजे ज्या घरचे ताट वडील झोळीत रिते करीत त्याच घरी, त्या वेळची सून आता आजी झाली आहे आणि एकादशी कडक पाळते. माझ्या पत्नीने करंज्यांच्या आधी राजगिऱ्याचे लाडू वळले. महामारीमुळे घरात जाणे नव्हते, म्हणून मी डबा ओट्यावर ठेवून मागे सरलो. आजींनी बाहेर येऊन झाकण उघडले, लाडू मोजल्यासारखे पाहिले आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या मला हाक मारली, “लाडू ठीक आहेत रे, पण तुमचा नाताळ ना आज? मग करंज्या कुठे आहेत? उद्या द्वादशीला उपवास सोडायला हव्यात मला. सकाळी लवकर आणून दे.”