चौपट

जक्कयची गोष्ट संडे स्कूलच्या मुलांना पाठ असते. ठेंगणा माणूस, वाटेत दाटलेली गर्दी, झाडावर चढणे, येशूची हाक, घाईघाईने उतरणे. मुलांना झाडापर्यंतची गोष्ट आवडते, आणि आवडावीच. लूकच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातल्या पहिल्या दहा ओव्या आज सकाळी पुन्हा वाचताना मी मात्र झाडाच्या पुढे, जक्कयच्या घरात अडखळलो. तिथे जक्कय सगळ्यांसमोर उभा राहून आकडा सांगतो. माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून काही घेतले असेल त्याला चौपट.

हा माणूस यरीहोचा मुख्य जकातदार. यरीहो म्हणजे यार्देनेच्या खोऱ्यातले, समुद्रसपाटीच्याही खाली वसलेले सुपीक गाव. खजुरीच्या बागा, सुगंधी बलसामाची झाडे, आणि पूर्वेकडून नदी ओलांडून यरुशलेमेकडे चढणारा व्यापारी रस्ता. रोमी अमलात अशा ठिकाणी जकातवसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरायची. वर जे उकळता येईल ते त्याचे. याच लूकच्या ३ ऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही, ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका एवढेच सांगतो. म्हणजे पाप कुठे दडले होते हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होते. ते त्या वरच्या रकमेत होते.

येशू जक्कयला हाक मारतो तेव्हा काहीही अट घालत नाही. आधी हिशेब चुकता कर, मग मी तुझ्या घरी येतो, असे तो म्हणत नाही. आज मला तुझ्याच घरी उतरायचे आहे, एवढेच. लोक कुरकुर करतात, पापी माणसाकडे पाहुणा गेला म्हणून. कृपा आधी आली, आणि ती न मागता आली. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आपण चांगले वागून देवाला घरी बोलावत नाही. तो आलेला असतो म्हणून चांगले वागण्याचे बळ येते. पण क्रमाचा दुसरा भागही तितकाच खरा आहे. प्रभू घरात आला आणि तिजोरीला हातही लागला नाही, असे लूक लिहीत नाही.

चौपट हा आकडा जक्कयने हवेतून काढलेला नाही. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर एकाच्या बदली चार द्यावीत असा नियम आहे. दाविदाने नाथान संदेष्ट्यासमोर स्वतःच्या नकळत स्वतःविरुद्ध निवाडा दिला, तोही गरिबाच्या कोकरीसाठी चौपटीचाच. याउलट, माणसाने आपणहून पाप कबूल केले तर मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश पुरे, असे गणनेचा ५ वा अध्याय सांगतो. जक्कयला कोणी पकडले नव्हते, कोणी न्यायासनापुढे उभे केले नव्हते. तो आपणहून बोलत होता. पंचमांशाची सवलत त्याला मिळाली असती. त्याने स्वतःसाठी चोराचा दर निवडला. मी फसवले म्हणजे मी चोरी केली, हे तो त्या आकड्यातून कबूल करत होता.

आता जरा गणित करून पाहू. जक्कयची सगळी मालमत्ता शंभर धरली, तर पन्नास गरिबांना गेले. उरलेल्या पन्नासात चौपटीने फक्त साडेबाराची फेड होते. म्हणजे त्याच्या संपत्तीतला एक अष्टमांशच काय तो फसवणुकीचा असेल, तरी त्याच्या हातात काही उरत नाही. आदल्याच अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येशूकडे येतो. लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळलेला, आपल्या मंडळ्यांत अशा माणसाला आपण वडीलजनांत बसवू. सर्व काही विकून गरिबांना वाटून टाक, असे येशू त्याला सांगतो आणि तो खिन्न होतो. जक्कयला असे काहीच सांगितलेले नाही. तरी तो जवळजवळ त्याच टोकाला पोहोचतो, आणि लूक म्हणतो की त्याने येशूचे स्वागत आनंदाने केले.

अर्धे गरिबांना का, याचाही मी विचार करतो. रस्त्यावरच्या नाक्यावर लुबाडलेली माणसे कुठून शोधणार? काफिले पुढे गेले. कुणी नदीपलीकडच्या पेरियाचा, कुणी त्याहून लांबचा. काही एव्हाना मेलेही असतील. ज्यांची नावे माहीत आहेत त्यांना चौपट, आणि ज्यांचा ठावठिकाणा लागणार नाही त्यांच्या वाटचे गरिबांकडे. लूक हे असे उलगडून सांगत नाही, ही माझी समजूत. पण चर्चची परंपराही याच दिशेने गेली आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने एका अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटले, की घेतलेले परत करणे शक्य असूनही केले नाही तर तो पश्चात्तापच नव्हे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने परतफेडीवर स्वतंत्र विवेचन लिहिले आणि मूळ धनी सापडत नसेल तर त्याच्या नावे दानधर्म करावा असे सांगितले. कॅथलिक चर्चच्या आजच्या धर्मशिक्षणग्रंथातही सातव्या आज्ञेखाली परतफेडीच्या परिच्छेदात जक्कयचे नाव आहे.

आपल्याकडे मात्र पश्चात्ताप ही हळूहळू केवळ मनातली गोष्ट झाली आहे. डोळे ओले झाले, गीत म्हणून झाले, प्रार्थना झाली, मन हलके झाले. हे अश्रू मी खोटे मानत नाही. देव ते मोजतो अशी माझी श्रद्धा आहे. पण ज्याचे घेतले त्याच्या दारापर्यंत ते पोहोचत नाहीत, आणि तो अजून तिथेच, आपल्या शेजारी, आपल्याच गावात असतो.

पवित्र शास्त्र इतके जमिनीवरचे आहे, की ते उघडताना कधी कधी भीती वाटावी. शेजाऱ्याची सीमा सरकवू नको, असे अनुवाद १९ मध्ये आहे, आणि २७ व्या अध्यायात तर सीमा सरकवणाऱ्यावर शाप उच्चारून सर्व लोकांनी आमेन म्हणायचे आहे. दरवर्षी नांगरटीला बांध कोरत जाणाऱ्याला हे वचन समजावून सांगायला धर्मोपदेशक लागत नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्यावर लागलेले असते, असे अनुवाद २४ सांगते. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांच्या आरोळ्या देवाच्या कानी जातात. खोट्या तराजूचा तर प्रभूला वीट आहे, असे नीतिसूत्रांत आहे.

आणि बहिणींचा वाटा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात आपला हिस्सा मागितला. मोशेने ते गाऱ्हाणे देवापुढे नेले, आणि देवाने उत्तर दिले की या मुलींचे म्हणणे रास्त आहे. हे गणनेच्या २७ व्या अध्यायात लिहून ठेवले आहे. आपल्या देशात १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती बापाच्या मुलामुलींना सारखाच वाटा मिळतो. तरीही घराघरांत बहिणीला माहेरी जेवायला बोलावून, साडी देऊन, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ती करते, कारण माहेर तुटेल याचे भय तिला जमिनीपेक्षा मोठे असते. ज्या घरांत हे घडते त्यांतल्या कितीतरी घरांत रात्रीची कौटुंबिक प्रार्थना चुकत नाही. मत्तयच्या ५ व्या अध्यायात येशू सांगतो की वेदीवर दान आणले आणि तिथे आठवले की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी जा आणि समेट कर. बहिणीच्या मनात काय आहे, हे त्या घरातल्या भावाला चांगले ठाऊक असते.

जक्कयच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल लूक काहीच लिहीत नाही. येशू तर यरुशलेमेची चढण चढू लागला होता, वधस्तंभाच्या दिशेने. पाहुणा गेला, कुरकुरणारे लोक आपापल्या घरी गेले, आणि जक्कयपुढे शब्द दिलेले काम उरले. परतफेडीच्या पहिल्याच नावावर त्यालाही थांबायला झाले असेल. ज्याला फसवले त्याच्या दारात पैसे घेऊन उभे राहणे हे भर सभेत घोषणा करण्यापेक्षा कठीण. तो माणूस शिव्याही देईल, दार लावून घेईल, आणि तसे करायचा त्याला अधिकारही आहे. आज आपणही परतफेड करायचे ठरवतो म्हणजे बहुधा असेच एखादे नाव निवडतो. हक्कसोडपत्र असेल तर बहिणीला फोन करून सातबाऱ्यावर तिचे नाव पुन्हा कसे लावायचे हे वकिलाला विचारावे. बांध असेल तर सरकारी मोजणीचा अर्ज आपणच करावा, खर्च आपण भरावा. मजुरी राहिली असेल तर आज संध्याकाळच्या आत.